बिनटेंडरचा मक्ता आणि रयतेचा हिशेब
(राजारामपुरी, कोल्हापूर येथील सभेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय रुक्ष आहे हे आम्ही आधीच कबूल करतो. देवाधर्मावर बोलले की माणसे जागी राहतात आणि हिशेबावर बोलले की पेंगू लागतात, हा आमचा शाळेतील नित्याचा अनुभव आहे. तरी आम्ही हा विषय पत्करला, कारण तो ज्याच्या त्याच्या पदरच्या पैशाचा आहे. सरकारी तिजोरीत श्रीमंतांचाच पैसा असतो, ही समजूत खोटी आहे. शेणी थापणारी म्हातारीसुद्धा साबणाच्या वडीवर आणि काड्यापेटीवर कर भरते. त्या पैशातून रस्ता होतो, गटार होते, शाळेची खोली होते, अंगणवाडीतील पोरांचा खाऊ येतो. हा पैसा कोणाच्या हाती गेला, कोणत्या भावाने गेला आणि त्याच्या बदल्यात काय आले, हे विचारण्याचा हक्क त्या म्हातारीला आहे की नाही? आमचे म्हणणे, तो हक्क आहे, इतकेच नव्हे तर तो बजावणे हे तिचे व आपले कर्तव्य आहे.

प्रश्न नेमका असा. सरकारने, महापालिकेने, जिल्हा परिषदेने किंवा ग्रामपंचायतीने टेंडर न काढता एखाद्यास काम दिले, तर त्या कामाचा हिशेब कोणी, कसा आणि केव्हा तपासावा?

टेंडर म्हणजे काय, हे आमच्या आयाबहिणींना शिकवावयास नको. घरात लग्न निघाले आणि भांडी घ्यावयाची झाली, तर राजारामपुरीच्या एका गल्लीत भाव विचारून बाई तिथेच पैसे मोजीत नाही. पुढच्या गल्लीत जाते, तांब्या हातात घेऊन वजन पाहते, मग परत येऊन घासाघीस करते. चार दुकाने फिरण्याची ही जी रीत, तिलाच सरकारदरबारी निविदा म्हणतात. फरक एवढाच की बाई आपल्या गाठीचे पैसे खर्च करते म्हणून फिरते, आणि साहेब दुसऱ्याचे पैसे खर्च करतो म्हणून त्याला फिरावयास भाग पाडावे लागते. तो भाग पाडणारा नियम म्हणजे टेंडर.

हा केवळ रिवाज नव्हे. न्यायालयाने तो कायद्याच्या पायावर बसविला आहे. मुंबईच्या विमानतळावरील एका उपाहारगृहाच्या मक्त्यावरून तंटा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि १९७९ साली कोर्टाने सांगितले की, सरकार हे खाजगी सावकारासारखे मर्जीस येईल त्याला देणगी वाटू शकत नाही. स्वतः जाहीर केलेली अट त्याने स्वतः पाळलीच पाहिजे. पुढे २००६ साली मेरठ महापालिकेच्या खटल्यात त्याच कोर्टाने म्हटले की, सरकारी मक्ता जाहीर लिलावाने किंवा टेंडरानेच द्यावा हा सर्वसाधारण नियम होय. अपवादही सांगितले: नैसर्गिक आपत्ती आली, वस्तू एकाच ठिकाणी मिळते, किंवा वारंवार बोलावूनही कोणी बोली लावावयास आले नाही. म्हणजे बिनटेंडरचा मक्ता हा सदासर्वदा गुन्हा नव्हे. महापूर आला असता होड्या आणावयाच्या, तर पंधरा दिवस जाहिरात देत बसावे असे कोणी शहाणा म्हणणार नाही. २०१९ साली पंचगंगेचे पाणी शहरात शिरले होते, तेव्हा आपण सर्वांनी ते पाहिले आहे. पण अपवाद हा अपवाद आहे, हे दाखविण्याचा बोजा अपवाद करणाऱ्यावर आहे. त्याने कारण लिहून ठेवले पाहिजे, त्याखाली सही केली पाहिजे, आणि घाई संपल्यावर हिशेब पुढे ठेवला पाहिजे.

आता प्रत्यक्षात काय होते ते पाहू. मुंबई महापालिका ही देशातील सर्वांत श्रीमंत महापालिका. तिच्या नोव्हेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२२ या काळातील खर्चाची खास तपासणी भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगने केली, आणि तो अहवाल मार्च २०२३ मध्ये विधिमंडळापुढे ठेवण्यात आला. त्यात लिहिले आहे की, २० कामे टेंडर न मागविताच देण्यात आली, आणि त्यांची किंमत २१४ कोटी ४८ लाख रुपये होती. वर्तमानपत्रांनी हा आकडा मोठ्या अक्षरांत छापला. पण शाळामास्तराची खोड अशी की तो पुढचे उदाहरणही सोडवून पाहतो. त्याच अहवालात पुढे आहे की, ६४ कामांत मक्तेदाराशी करारच करण्यात आला नव्हता, आणि त्या कामांची किंमत ४,७५५ कोटी ९४ लाख रुपये होती. आणखी १३ कामांत, ३,३५५ कोटी ५७ लाखांच्या, कामाची पारख करणारा त्रयस्थ तपासनीसच नेमला नव्हता.

हे आकडे शेजारी मांडा. टेंडर नसलेल्या कामांच्या सुमारे बावीसपट रकमेची कामे करार नसलेली निघाली! म्हणजे घराचे दार उघडे राहिले हे आपण ओरडून सांगतो, आणि मागची भिंतच बांधलेली नाही याकडे आपले लक्ष नसते. टेंडर हा हिशेबाचा पहिला टप्पा. करार दुसरा, मोजमाप तिसरा, आणि बिल चौथा. पहिला टप्पा माफ केला तर उरलेले तीन अधिक कडक हवेत. होते मात्र उलटे. ज्याने पहिला टप्पा चुकविला त्याला पुढचे तीनही चुकविण्याची सवय लागते.

त्याच तपासणीत आणखी एक गोष्ट घडली. कोरोनाकाळातील सुमारे साडेतीन हजार कोटींच्या खर्चाचे कागद महापालिकेने तपासनिसांस दिले नाहीत. आधार दाखविला तो १८९७ च्या साथरोग कायद्याचा आणि २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा. १८९७ हे साल कोणते? ज्या साली पुण्याच्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले वारल्या ते साल. तो कायदा साथ आवरण्यासाठी साहेबास लांब हात देणारा कायदा आहे. त्या हाताने उचललेल्या पैशाचा हिशेब द्यावयाचा नाही, असा त्याचा अर्थ लावणे आम्हांस मान्य नाही. आग लागली असता शेजाऱ्याच्या विहिरीवरून न विचारता पाणी आणावे. पण आग विझल्यावर घागरी किती आणल्या व किती परत केल्या, हे सांगावयास नको काय? पुढे जून २०२३ मध्ये राज्य सरकारने या प्रकरणी खास तपास पथक नेमले. लेखापरीक्षकाचा आक्षेप म्हणजे न्यायाधीशाचा निकाल नव्हे, हेही आम्ही स्पष्ट सांगतो. आक्षेप म्हणजे प्रश्न. त्याला उत्तर असू शकते. पण कागदच दडविले तर उत्तर मिळावे कोठून?

दुसरे उदाहरण पोरांच्या तोंडच्या घासाचे. फेब्रुवारी २०१५ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास खात्याने एकाच दिवसात २४ शासन निर्णय काढून २०६ कोटी रुपयांची खरेदी मंजूर केली. त्यात अंगणवाडीच्या मुलांसाठी चिक्की होती, सतरंज्या होत्या, पुस्तके होती, पाणी गाळण्याची यंत्रे होती. तीन लाखांवरील खरेदीस ऑनलाइन टेंडर हवे, असा सरकारचाच नियम त्या वेळी होता. सरकारपक्षाचे म्हणणे असे की, ही खरेदी पूर्वापार चालत आलेल्या दरकराराने झाली व त्यात गैर नाही. आणि लाचलुचपत खात्याच्या चौकशीत गुन्हा आढळला नाही. तेव्हा कोणावर चोरीचा आळ घालावा असा आमचा हेतू नाही. आमचा प्रश्न साधा आहे. एका दिवसात २४ निर्णय निघाले, तर त्या प्रत्येकात भाव ताडून पाहिला कोणी? आणि ज्या अंगणवाडीत ती चिक्की जावयाची, त्या अंगणवाडीच्या बाईला तो भाव कधी कळला?

इतके ऐकून कोणी म्हणेल, मास्तर, मग सगळी कामे टेंडरानेच द्या म्हणजे प्रश्न मिटला. नाही, मिटत नाही. २०२४-२५ साली सरकारने साऱ्या राज्यातील शाळांच्या गणवेशाचे कापड एकाच टेंडराने घेतले आणि शिलाई बचत गटांकडे दिली. त्यापूर्वी गावची शाळा व्यवस्थापन समिती गावातल्या किंवा तालुक्याच्या दुकानातून गणवेश घेत असे. टेंडर झाले, नियम पाळला गेला. पण पंधरा ऑगस्टचे झेंडावंदन आले तरी कित्येक शाळांतील पोरे जुन्याच कपड्यांत उभी होती, आणि जे गणवेश आले त्यांतील कित्येक अंगास बसेनात. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने ते काम पुन्हा समित्यांकडे दिले. ज्या समितीत कायद्याने शेकडा ७५ पालक असतात, ती समिती सदऱ्याचे बटण ओढून पाहते. मुंबईच्या टेबलावर ते होत नाही.

टेंडराचा दुसरा दोष आपल्या लोकांनी विशेष ध्यानात घ्यावा असा आहे. टेंडर भरावयास अनामत रक्कम लागते, मागील वर्षांच्या उलाढालीचा दाखला लागतो, यंत्रसामग्री लागते. म्हणजे ज्याच्यापाशी आधीच आहे त्यालाच अधिक मिळते. पाटी उचलणारा मजूर जन्मभर पाटीच उचलीत राहतो. म्हणूनच आपल्या राज्याने लहान कामांची वाटणी ठरविली: शेकडा ३३ कामे मजूर सहकारी संस्थांना, ३३ सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, आणि ३४ खुल्या मक्तेदारांना. यात घाम गाळणाराने स्वतःच मक्ता घ्यावा, मधल्या दलालाने नव्हे, हा हेतू आहे आणि तो हेतू थोर आहे. मक्तेदार हा शब्द शिवीसारखा वापरू नये. महात्मा जोतीरावांनी स्वतः खडकवासल्याच्या धरणास माल पुरविण्याचा मक्ता घेतला होता. आणि बांधकाम खात्यात पैसा कोठे मुरतो हे त्यांनी आतून पाहिले म्हणूनच त्यावर निर्भीडपणे लिहिले.

पण बंधूंनो, गरिबासाठी ठेवलेल्या दारातून कोण आत शिरतो हे कोण पाहतो? कागदावर मजूर संस्था असते; तिच्या सभासदांच्या यादीत ज्याच्या तळहाताला कधी घट्टा पडला नाही अशी नावे असतात; आणि काम करणारा मजूर मात्र त्याच जुन्या रोजावर राबतो. संस्थेचे नाव भाड्याने जाते आणि शेकड्यावर काही टक्के घेऊन सही मिळते. सवलत गरिबाची, मलिदा दुसऱ्याचा! या लबाडीमुळे उद्या कोणी शहाणा उठून म्हणेल की, ही वाटणीच बंद करा, सारे मोठ्या कंपन्यांना द्या. तेव्हा खऱ्या मजुराचे तोंडचे पाणी पळेल. म्हणून आम्ही म्हणतो की, बिनटेंडरच्या कामाचा कडक हिशेब मागणे हे गरिबाच्या विरुद्ध नाही. गरिबासाठी राखलेली वाट राखावयाची असेल तर हाच एक उपाय आहे. टेंडर माफ होऊ शकते, हिशेब माफ होऊ शकत नाही.

आता हिशेब मागावा कसा? आम्ही वर्गात सांगतो तसे पाच प्रश्न सांगतो. ते लिहून घ्या.

पहिला: टेंडर का काढले नाही, याचे लेखी कारण कोठे आहे व त्याखाली कोणाची सही आहे? दुसरा: सरकारी दरसूचीत या कामाचा दर काय आणि दिलेला दर काय? तिसरा: काम कोणाला मिळाले, आणि मागील तीन वर्षांत त्यालाच किती वेळा मिळाले? चौथा: मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे ज्याला आपण एम. बी. म्हणतो त्यात, लांबी, रुंदी व जाडी किती लिहिली आहे, आणि जागेवर टेप लावल्यावर किती भरते? पाचवा: बिल कोणत्या तारखेस निघाले, आणि त्या तारखेस काम कोठवर आले होते?

सोबत दोन युक्त्या ओळखून ठेवा. एक म्हणजे कामाचे तुकडे पाडणे. टेंडराच्या मर्यादेवर जाणारा रस्ता असेल तर त्याचे तीन तुकडे करतात: मारुतीच्या देवळापासून पिंपळापर्यंत एक, पिंपळापासून ओढ्यापर्यंत दुसरा, ओढ्यापलीकडे तिसरा. रस्ता एक, मक्तेदार एक, कागद तीन! दुसरी युक्ती कोटेशनांची. लहान खरेदीस तीन दुकानांची दरपत्रके घ्यावी लागतात. आमच्या पाहण्यातील एका गावी अशी तीन दरपत्रके तीन निरनिराळ्या दुकानांच्या छापील कागदांवर होती. पण तिन्हींवर अक्षर एकाच हाताचे होते, आणि तिन्हींत ‘संरक्षक भिंत’ हे शब्द एकाच चुकीने लिहिलेले होते. चाळीस पोरांच्या वह्या रोज तपासणाऱ्याला हे दिसावयास चष्मा लागत नाही. हे काही मोठे शास्त्र नव्हे. ज्याला लिहितावाचता येते त्या प्रत्येकाला ते जमेल. म्हणून तर आम्ही शिकवितो.

हे कागद मागावे कोठे? ग्रामपंचायतीच्या १९५८ च्या कायद्यात आहे की, आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांत पहिली ग्रामसभा भरवावी, आणि तिच्यापुढे वर्षाचा जमाखर्च व शेवटच्या लेखापरीक्षणाची टिपणी, तिला दिलेल्या उत्तरांसह, ठेवावी. किती गावांत ही टिपणी वाचून दाखवितात? किती गावांत लोक ती मागतात? ग्रामसभेच्या वहीवर घरोघर फिरवून सह्या घेतल्या जातात आणि सभा झाली असे लिहिले जाते. तेव्हा पहिले काम हे की, एप्रिल-मे महिन्यातील त्या सभेस जातीने हजर राहावे आणि ती टिपणी मोठ्याने वाचावयास लावावी. दुसरी वाट २००५ च्या माहिती अधिकार कायद्याची: दहा रुपयांचा अर्ज, आणि तीस दिवसांत उत्तर. तिसरी वाट सामाजिक अंकेक्षणाची. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याने मक्तेदारास मनाई केली होती आणि ग्रामसभेने कामांची स्वतः तपासणी करावी असे लिहिले होते. ती पद्धत लोकांनी अनेक गावांत चालवून दाखविली. जे मातीच्या कामाला जमले ते सिमेंटच्या कामाला का जमू नये?

शेवटचा प्रश्न, केव्हा? याचे उत्तर आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. विमानतळाच्या ज्या खटल्याचे आम्ही आरंभी नाव घेतले, त्यात कोर्टाने तत्त्व मोठे सांगितले, पण तो मक्ता मात्र रद्द केला नाही. तक्रारदार उशिरा आला, तोवर मक्तेदाराने पैसा घातला होता, हे एक कारण होते. आणि आपल्या कोल्हापूरचेच पाहा. शहरातील सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांचे काम खाजगी कंपनीस देण्यात आले आणि त्यापोटी तिने टोल घ्यावा असे ठरले. तो मक्ता बिनटेंडरचा होता असे आमचे म्हणणे नाही. पण त्या करारात काय लिहिले आहे हे लोकांनी कधी वाचले? ऑक्टोबर २०१३ मध्ये टोलवसुली सुरू झाली तेव्हा! मग मोर्चे झाले, जानेवारी २०१४ मध्ये नाकी पेटली, एन. डी. पाटील यांच्यासारखे वयोवृद्ध पुढारी रस्त्यावर उतरले, आणि डिसेंबर २०१५ मध्ये टोल रद्द झाल्याची घोषणा झाली. लोकांनी लढा जिंकला, याचा आम्हांस अभिमान आहे. पण झालेल्या कामाची किंमत किती, हे मोजीत बसण्याची वेळ शेवटी आलीच, आणि कंपनीचे देणे सरकारी तिजोरीतूनच द्यावे लागले. ती तिजोरी कोणाची? पुन्हा त्या शेणी थापणाऱ्या म्हातारीची. जो करार सहीच्या आधी चावडीवर वाचला गेला असता, त्याच्यासाठी नाकी पेटवावी लागली नसती.

कॅगचा अहवाल येतो तो काम संपल्यावर, बहुधा काही वर्षांनी. त्याची थोरवी कमी नाही. घटना समितीत मे १९४९ मध्ये डॉक्टर आंबेडकरांनी या अधिकाऱ्यास घटनेतील कदाचित सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटले होते. परंतु तो अधिकारी दिल्लीस आहे, आणि तुमच्या गल्लीतील गटाराची जाडी त्याला दिसत नाही. ती तुम्हाला दिसते, आणि काँक्रीट ओले असतानाच दिसते. ते सुकल्यावर, वर माती टाकल्यावर, तपासनिसाला कागदच तपासावे लागतात; आणि कागद तर मक्तेदाराच्या सोयीने लिहिलेले असतात.

आमच्यापुरते बोलावयाचे तर आम्ही जिल्हा परिषदेचे नोकर. आम्ही फार तोंड उघडले तर बदलीचा कागद येतो, हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि आम्हालाही. तरी वाचावयास व मोजावयास शिकविणे हे आमचे काम आहे, आणि ते करण्यापासून आम्हांस कोणी अडवू शकत नाही. सातवीच्या पोराला घनफळ येते. त्याला गल्लीतील नव्या रस्त्यावर टेप घेऊन उभे करा, लांबी-रुंदी-जाडी लिहून आणावयास सांगा, आणि बापाने तो कागद घेऊन ग्रामसभेत जावे. पोराचे गणित पक्के होईल आणि बापाचा हिशेबही.

येत्या मेअखेर तुमच्या तुमच्या गावी ती पहिली ग्रामसभा भरेल. तीस तुमच्यापैकी किती जण जातात आणि लेखापरीक्षणाची टिपणी किती गावांत मोठ्याने वाचली जाते, याचा हिशेब आम्ही जूनमध्ये शाळा भरल्यावर तुम्हाला विचारू.